डॉल्फिनची अक्कल आणि त्यांचा गोतावळा : वाचकांचे प्रश्न

डॉल्फिनविषयी आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. वेगळे सांगितले नसेल तिथे डॉल्फिन म्हणजे बॉटलनोज डॉल्फिन समजावा. या कुळात पस्तीसहून अधिक जाती आहेत, पण आजवरचा बहुतेक अभ्यास या एकाच जातीवर झाला आहे. तिच्याबद्दल खरे असलेले सगळे बाकीच्या जातींना लागू पडेलच असे नाही.

प्रश्न : डॉल्फिनचा मेंदू माणसाच्या मेंदूपेक्षा जड असतो म्हणतात. मग तो आपल्यापेक्षा हुशार का नाही?

जड असतो हे खरे. पूर्ण वाढलेल्या डॉल्फिनचा मेंदू साधारण 1.5 ते 1.7 किलो भरतो, माणसाचा 1.3 ते 1.4 किलो. पण नुसते वजनच धरायचे तर स्पर्म व्हेलच्या जवळपास 8 किलोंच्या मेंदूपुढे हे दोघेही किरकोळ ठरतात. म्हणून तुलनेसाठी दुसरे माप काढले गेले : एवढ्या आकाराच्या प्राण्याला जेवढा मेंदू अपेक्षित, त्याच्या किती पट तो प्रत्यक्षात आहे? माणसासाठी हा आकडा 7 च्या आसपास येतो, बॉटलनोजसाठी 4 च्या थोडा वर आणि चिंपांझीसाठी अडीचच्या आगेमागे. या आकड्यालाही फार मान देऊ नये. डॉल्फिनच्या अंगावर चरबीचा जाड थर असतो. तो वजनात धरला जातो, पण तो सांभाळायला मेंदू फारसा लागत नाही. त्यामुळे गुणोत्तर उगाच खाली येते.

मेंदूची घडणही वेगळी आहे. बाहेरचा थर आपल्यापेक्षा पातळ, पण घड्या जास्त. आपल्या मेंदूत बाहेरून येणारी माहिती प्रामुख्याने ज्या चौथ्या स्तरात उतरते, तो स्तर डॉल्फिनमध्ये जवळपास नाहीच. ऐकण्याच्या कामाला मात्र भरपूर जागा दिलेली आहे. पायलट व्हेल नावाला व्हेल असली तरी ती डॉल्फिनच्याच कुळातली. तिच्या मेंदूच्या या बाहेरच्या थरात सुमारे 37 अब्ज चेतापेशी मोजल्या गेल्या आहेत. माणसात त्या 16 ते 20 अब्जांच्या घरात असतात. एवढ्यावरून ती आपल्या दुप्पट शहाणी ठरत नाही. प्रश्न विचारायचा तो असा : मेंदू हा शरीरातला अत्यंत खर्चिक अवयव आहे, तो पोसायला रोज जास्तीचे मासे मारावे लागतात, मग डॉल्फिन त्याच्याकडून कोणते काम करून घेतो? पुढच्या बऱ्याच उत्तरांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. कोण आपला, कोण परका, कोणी मागे साथ दिली आणि कोणी दिली नाही, हे लक्षात ठेवणे हे त्याच्या आयुष्यातले मोठे काम आहे.

प्रश्न : डॉल्फिन एकमेकांना नावाने हाक मारतात हे खरे की वर्तमानपत्री गोष्ट?

'नाव' हा शब्द थोडा सैल आहे, पण गोष्ट खरी आहे. मेल्बा आणि डेव्हिड काल्डवेल या दांपत्याने 1965 मध्ये दाखवून दिले की वेगळा काढलेला प्रत्येक डॉल्फिन एकच ठराविक शिट्टी पुन्हा पुन्हा घालतो आणि ती दुसऱ्या कोणाच्या शिट्टीसारखी नसते. तिला आपण ओळखशिट्टी म्हणू. पिल्लू पहिल्या वर्षातच ती घडवते. आजूबाजूला ऐकू येणाऱ्या शिट्ट्यांतून काही उचलते, काही बदलते आणि मग शिट्टी स्थिर होते. माद्यांच्या शिट्ट्या पुढे दशकानुदशके जवळपास तशाच राहतात.

शिट्टी ओळखली जाते ती तिच्या चालीवरून, म्हणजे स्वर कुठे चढतो, कुठे उतरतो, कितीदा वळतो यावरून. आवाजाच्या पोतावरून नव्हे. त्याची परीक्षा 2006 मध्ये झाली. फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात 1970 पासून डॉल्फिनचा अभ्यास चालू आहे आणि तिथल्या बहुतेक प्राण्यांचे नातेसंबंध माहीत आहेत. संशोधकांनी संगणकावर अशा शिट्ट्या तयार केल्या की चाल तेवढी राहिली, शिट्टी घालणाऱ्याच्या आवाजाची खूण पुसली गेली. तरीही नातेवाइकाची शिट्टी लागली की डॉल्फिन स्पीकरकडे जास्त वेळा वळत. 2013 मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ मोकळ्या डॉल्फिनना त्यांच्या स्वतःच्याच शिट्टीची नक्कल ऐकवली, तेव्हा ते 'ओ' दिल्यासारखे तीच शिट्टी उलट घालू लागले. अनोळखी शिट्ट्यांना असा प्रतिसाद मिळाला नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात, मत्स्यालयांतून वेगळे झालेले डॉल्फिन 20 वर्षांहून अधिक काळानंतरही जुन्या सोबत्याची शिट्टी ओळखतात असे दिसले.

एक गोड भर : 2023 मध्ये सारासोटातल्या 19 आयांच्या ध्वनिमुद्रणांवरून कळले की पिल्लू जवळ असताना आई तीच शिट्टी जास्त उंच पट्टीत आणि जास्त चढउतार करून घालते. तान्ह्याशी बोलताना माणसांचा सूरही असाच वर जातो.

हे काम करताना गफलत कुठे होते तेही सांगतो. डॉल्फिन शिट्टी घालताना तोंड उघडत नाही. आवाज श्वासरंध्राच्या खालच्या मांसल ओठांतून निघतो. त्यामुळे पाण्यात एकच ध्वनिग्राहक सोडला तर शिट्टी कोणाची हे सांगता येत नाही. किमान तीन-चार ध्वनिग्राहक ठराविक अंतरावर लावून, आवाज प्रत्येकापर्यंत किती फरकाने पोहोचला त्यावरून दिशा काढावी लागते. ओळखशिट्टी कोणती हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. ती सहसा 1 ते 10 सेकंदांच्या अंतराने पुन्हा घातली जाते. मुद्रणात एकच चाल अशा अंतराने वारंवार आली तर ती बहुधा ओळखशिट्टी. या कसोटीत काही खऱ्या ओळखशिट्ट्या निसटतात, पण खोट्या फारशा आत येत नाहीत.

प्रश्न : मग त्यांना भाषा आहे असे का म्हणू नये? आता तर संगणक डॉल्फिनशी बोलणार म्हणे.

समजणे आणि बोलणे या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. समजण्याच्या बाजूचा भक्कम पुरावा होनोलुलूतल्या लुई हर्मन यांच्या प्रयोगशाळेतून आला. तिथे अकेअकामाई या मादीला हातवाऱ्यांची आणि फीनिक्स या मादीला आवाजांची कृत्रिम भाषा शिकवली होती. 1984 मध्ये त्याचा सविस्तर वृत्तांत छापून आला. वस्तूंची, क्रियांची, दिशांची नावे होती आणि शब्दांचा क्रम बदलला की अर्थ बदलत असे : 'चेंडू टोपलीकडे ने' आणि 'टोपली चेंडूकडे ने' अशा जातीचा फरक. दोघी तो बरोबर पाळत, आणि शब्दांची जोडणी पूर्वी कधीच न ऐकलेली असली तरी पाळत. तलावात नसलेल्या वस्तूबद्दल विचारले तर अकेअकामाई 'नाही'साठी ठेवलेली पट्टी दाबत असे. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल उत्तर देणे हे साध्या तालमीतून येत नाही.

बोलण्याच्या बाजूला मात्र अजून मोठी पोकळी आहे. 1960 च्या दशकात जॉन लिली यांनी डॉल्फिनला इंग्रजी शिकवण्याचा घाट घातला. त्यातून विज्ञानापेक्षा बोभाटाच जास्त झाला आणि पुढची बरीच वर्षे या विषयाचे नाव काढले की गंभीर लोक हसत. आजची स्थिती बरी आहे. ओळखशिट्टी नसलेल्या, पण अनेक डॉल्फिन वापरतात अशा काही ठराविक शिट्ट्या सारासोटात सापडल्या आहेत. एक धोक्याची सूचना असावी, दुसरी अनपेक्षित काही घडल्यावर घातली जात असावी, असा अंदाज आहे. त्या कामाला 2025 मध्ये एक लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी गुगलने बहामाजमधल्या ठिपकेदार डॉल्फिनच्या मुद्रणांवर शिकवलेले संगणकीय प्रारूप जाहीर केले. या मुद्रणांचे काम तिथे 1985 पासून चालू आहे. हे प्रारूप पुढचा आवाज कोणता येईल याचा अंदाज बांधते. म्हणजे नमुने शोधते, भाषांतर करत नाही. आवाज निघाला त्या क्षणी कोण कोणाजवळ होते, काय चालले होते, याची नोंद सोबत नसेल तर कितीही मोठा संगणक लावला तरी अर्थ हाती लागणार नाही. खरी टंचाई अशा नोंदींची आहे.

प्रश्न : आरशात स्वतःला ओळखतात हे कसे ठरवले?

न्यूयॉर्क मत्स्यालयात डायना रीस आणि लोरी मरिनो यांनी प्रेस्ली आणि टॅब या दोन नरांवर हा प्रयोग केला. तो 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. अंगावर अशा जागी शाईची खूण करायची की ती आरशाशिवाय दिसणार नाही. दुसऱ्या वेळी तसाच स्पर्श करायचा, पण खूण उमटवायची नाही, नाहीतर प्राणी खुणेला प्रतिसाद देतो की स्पर्शाला हे कळणार नाही. मग तो आरशापाशी किती लवकर जातो आणि खूण असलेली बाजू तिथे वळवतो का, हे चित्रफितीवर मोजायचे. दोघांनीही ती बाजू आरशापुढे धरली. 2018 च्या अभ्यासात बेली नावाच्या पिल्लाने सातव्या महिन्यातच आरशात पाहून स्वतःला न्याहाळण्याचे चाळे केले. माणसाची बहुतेक मुले खुणेच्या परीक्षेत दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान उतरतात.

अडचण एवढीच की डॉल्फिनला हात नाहीत. चिंपांझी खुणेला बोट लावतो, डॉल्फिन फक्त वळून पाहतो. त्यामुळे निकालाचा अर्थ लावणे निरीक्षकाच्या नजरेवर अधिक अवलंबून राहते. शिवाय ही परीक्षा नंतर क्लीनर रास नावाचा छोटासा मासाही उत्तीर्ण झाला. तेव्हापासून आरशाच्या भरवशावर 'आत्मभान' वगैरे शब्द वापरताना जाणकार जरा आवाज खाली आणतात.

प्रश्न : नर डॉल्फिन टोळ्या करून राहतात असे वाचले. माणसांच्या राजकारणासारखे?

तुलना अगदीच फोल नाही. सगळ्यात चांगली माहिती पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे इथून येते. 1980 च्या दशकापासून तिथे एकेका डॉल्फिनची नोंद ठेवली जात आहे.

आधी समाजाची घडी समजून घ्यावी. डॉल्फिनचा कायमचा, बांधीव असा कळप नसतो. सकाळी सहा जण एकत्र दिसतात, तासाभराने त्यातले दोघे निघून जातात, वाटेत तिसरेच येऊन मिळतात. ओळखीपाळखीचे जाळे मोठे आणि त्यातली सोबत सतत बदलणारी. अशा समाजात सगळ्यांचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो, कारण कालचा सोबती आज समोर नसतो आणि परवा पुन्हा भेटणार असतो.

या जाळ्यात नरांच्या युत्या तीन थरांच्या असतात. पहिला थर दोघा-तिघांचा. हे मिळून एका मादीला इतरांपासून बाजूला काढतात आणि काही तासांपासून कित्येक आठवड्यांपर्यंत तिच्याबरोबर फिरतात. एकत्र वर येणे, एकत्र वळणे, एकत्र बुडी मारणे इतके तालात चालते की दुरून एकच प्राणी वाटावा. मादी लांब जाऊ लागली तर नर एक प्रकारचा खटखट आवाज करतो आणि ती जवळ आली नाही तर धमकावतो, धडकही मारतो. हे प्रणयाचे चित्र नाही. दुसरा थर 4 ते 14 नरांचा. दुसऱ्या टोळीकडून मादी पळवायची किंवा आपली राखायची असली की हा थर कामाला येतो. तिसऱ्या थरात अशा टोळ्याच एकमेकींच्या मदतीला धावतात. माणूस सोडला तर इतके थर असलेल्या युत्या फारच थोड्या प्राण्यांत आढळल्या आहेत. दुसऱ्या थरातली मैत्री दशकानुदशके टिकते, आणि तीत रक्ताचे नाते असावेच लागते असे नाही.

2021 मध्ये त्यांना पाण्याखालून ओळखीच्या नरांच्या शिट्ट्या ऐकवल्या आणि वरून ड्रोनने चित्रण केले. कोणाच्या शिट्टीला ते झटकन वळले? आज जो सगळ्यात जवळ पोहतो त्याच्या नव्हे, तर दुसऱ्या थरातल्या, वर्षानुवर्षे वेळेला धावून आलेल्या साथीदारांच्या. म्हणजे 'आपल्या टोळीतला' अशी एक कल्पना त्यांच्या डोक्यात आहे आणि ती जुन्या मदतीच्या हिशेबावर उभी आहे. याच नरांबद्दल 2018 मध्ये असेही दिसले होते की युतीत राहून त्यांच्या शिट्ट्या एकसारख्या होत नाहीत; प्रत्येकजण आपली वेगळी खूण जपतो. कोणी कधी साथ दिली याचा हिशेब ठेवायचा तर माणूस वेगळा ओळखू यायलाच हवा, माणूस म्हणजे इथे डॉल्फिन. जवळच्या सोबत्याला ते पराने गोंजारतात. ज्यांच्याशी संबंध जरा लांबचा, त्यांच्याशी शिट्ट्यांची देवाणघेवाण करून तो धरून ठेवतात. सगळ्यांना गोंजारत बसायला दिवस पुरणार कसा?

सगळीकडे असेच असते का? नाही. सारासोटात नर जोडीने राहतात, वरचे थर तिथे नाहीत.

प्रश्न : माद्यांचे काय? त्या टोळ्या करत नाहीत का?

नरांसारख्या घट्ट नाहीत. साधारण सारख्या वयाची पिल्ले असलेल्या आया एकत्र फिरतात, त्यात नातलग माद्याही असतात. गर्भ सुमारे 12 महिने, दूध पाजणे बहुधा तीन-चार वर्षे, कधी त्याहून जास्त. एवढ्या काळात पिल्लू आईकडून कुठे काय खायला मिळते ते शिकते आणि आपल्या वयाच्यांशी दंगामस्ती करत पुढच्या ओळखी बांधते. लहान नर तर मादी घेरण्याचा खेळही खेळतात. मोठेपणीच्या युत्यांची मुळे त्या खेळात असतात.

प्रश्न : स्पंज तोंडाला लावून शिकार करणारे डॉल्फिन कोण? ही कला उपजत असते का?

हेही शार्क बेचेच. 1984 मध्ये तिथे एका मादीच्या चोचीवर काहीतरी विचित्र गोळा दिसला. तो समुद्रतळावरून उपटलेला शंकूच्या आकाराचा स्पंज निघाला. तो चोचीवर चढवून ती खडबडीत तळ उकरते. दगडगोट्यांनी चोच सोलवटत नाही. तळात दडलेला मासा दचकून उठला की स्पंज टाकते, मासा गिळते आणि पुन्हा स्पंज शोधून चढवते.

एवढा खटाटोप कशासाठी? डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वेध घेतो. माशाच्या पोटातली हवेची पिशवी हा प्रतिध्वनी ठळक उठवते. पण तळात पुरून राहणाऱ्या काही माशांना ही पिशवीच नसते. ते आजूबाजूच्या वाळूखड्यांत ध्वनीने वेगळे दिसत नाहीत, म्हणून उकरावे लागते. तोटाही आहे. स्पंजमुळे परत येणारे ध्वनी विस्कटतात, आणि प्रत्येक स्पंज वेगळ्या आकाराचा, म्हणून विस्कटही वेगळा. त्याची सवय व्हायला वर्षे लागतात.

कला उपजत नाही. 2005 मधल्या जनुकीय अभ्यासात बहुतेक स्पंजवाल्या एकाच आईच्या वंशातल्या निघाल्या, पण त्यामागे जनुक असल्याचे दिसले नाही. कला आईकडून पाहून येते. मुली ती जवळजवळ नेमाने उचलतात, मुलगे कमी. स्पंजचे काम एकट्याचे आणि वेळखाऊ, आणि नराला तर टोळीसाठी वेळ द्यायचा असतो.

शंखांची युक्ती मात्र वेगळ्या वाटेने पसरते. मासा मोठ्या रिकाम्या शंखात शिरला की डॉल्फिन तो शंख चोचीने उचलून पाण्याबाहेर धरतो आणि हलवतो. पाणी ओघळते, मासा तोंडात पडतो. 2007 ते 2018 या काळात हजाराहून अधिक ओळखलेल्या डॉल्फिनपैकी 19 जणांना असे करताना 42 वेळा पाहिले गेले. कोण कोणाबरोबर असतो त्याच्याशी हे ताडून पाहिले तेव्हा लक्षात आले की ही युक्ती आईकडून नव्हे, बरोबरीच्या सोबत्यांकडून येते.

प्रश्न : डॉल्फिन कोळ्यांना मासे पकडून देतात ही दंतकथा ना?

दंतकथा नाही, पण 'पकडून देतात' हेही बरोबर नाही. ब्राझीलच्या दक्षिणेला लागूना इथे हे शंभराहून अधिक वर्षे चालले आहे. बोय जातीचे मासे, म्हणजे मलेट, थंडीच्या सुरुवातीला किनाऱ्याने सरकतात. पाणी गढूळ, कोळ्याला मासा दिसत नाही. डॉल्फिन थवा किनाऱ्याकडे रेटत आणतात. कोळी कमरेइतक्या पाण्यात रांगेने, हातात फेकजाळे म्हणजे पाग घेऊन, उभे असतात. डॉल्फिन एकदम पाठ कमानीसारखी वाकवून बुडी मारतो किंवा शेपूट वा डोके पाण्यावर आपटतो, तो इशारा. त्या क्षणी पाग पडला पाहिजे. आधी टाकला तर थवा अजून आलेला नसतो, उशीर झाला तर तो फुटून निघून जातो. नवख्यांची बहुतेक जाळी रिकामी येतात ती या वेळेच्या चुकीमुळे. डॉल्फिनचा फायदा असा की जाळ्याने थवा विस्कटतो आणि सुटलेला एकेकटा मासा पकडणे सोपे जाते.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ड्रोन, पाण्याखालचे ध्वनिग्राहक आणि कोळ्यांची जाळी या सगळ्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या. दोघांची वेळ जुळली की दोघांच्याही पदरात जास्त पडते, आणि या कामात असणाऱ्या डॉल्फिनची जगण्याची शक्यता इतरांपेक्षा 13 टक्क्यांनी जास्त आहे, असे निघाले. सगळे डॉल्फिन यात नसतात. तिथे राहणाऱ्यांपैकी काहीच जण कोळ्यांबरोबर काम करतात, आणि ते आपसात जास्त मिसळतात.

प्रश्न : बुडणाऱ्या माणसाला डॉल्फिन वाचवतात का?

जखमी सोबत्याला दोन्ही बाजूंनी आधार देऊन पृष्ठभागावर धरणे, मेलेले पिल्लू दिवसेंदिवस वाहून नेणे, हे नोंदलेले वर्तन आहे. ओर्काही डॉल्फिनच्याच कुळातला, त्यातला सगळ्यात मोठा. 2018 मध्ये एका ओर्का मादीने मेलेले पिल्लू 17 दिवस सोडले नव्हते. हीच सवय कधी माणसाच्या वाट्याला येत असेल, हे शक्य आहे. पण ज्याला डॉल्फिनने किनाऱ्याकडे ढकलले तो गोष्ट सांगायला उरतो. ज्याला समुद्राकडे ढकलले त्याची मुलाखत कोणी घेतलेली नाही. आणि नाण्याची दुसरी बाजू : स्कॉटलंडच्या मोरे फर्थमध्ये बॉटलनोज डॉल्फिन पॉरपॉईज या छोट्या नातलगांना धडका देऊन मारतात, खात मात्र नाहीत. आपल्याच जातीची पिल्ले मारल्याच्याही नोंदी आहेत.

प्रश्न : ते सतत हसतमुख का असतात?

हसत नाहीत. जबड्याचा आकारच तसा आहे. मेलेला डॉल्फिनही हसतानाच दिसतो. मूड वाचायचा असेल तर चेहरा सोडून अंगाकडे पाहावे : पाण्यावर शेपूट आपटणे, जबडा कडकन मिटणे आणि अंग ताठ एस आकारात धरणे ही बहुधा चिडल्याची लक्षणे.

प्रश्न : एक डॉल्फिन किनाऱ्याला लागला की पाठोपाठ सगळे का येतात? अशा वेळी काय करावे?

पायलट व्हेलसारख्या घट्ट कळपाच्या जातींत हे जास्त घडते. 2020 मध्ये टास्मानियात जवळपास 470 पायलट व्हेल एकाच वेळी अडकल्या होत्या. उतरता, वाळूचा, सपाट किनारा त्यांच्या ध्वनीचा नीट प्रतिध्वनी देत नाही. एक फसला की बाकीचे त्याला सोडून जात नाहीत, आणि मग ओहोटी लागते. सगळे एकाच कुटुंबातले असतात हा समज मात्र जनुकीय तपासणीत टिकला नाही. पुष्कळदा आई आणि पिल्लू एकमेकांपासून बरेच लांब सापडतात.

एखादा जिवंत सापडला तर पहिले काम वन्यजीव किंवा किनारा सुरक्षा यंत्रणेला कळवणे. तोवर :

- पोटावर सरळ ठेवा. कुशीवर पडला तर श्वासरंध्रात पाणी आणि वाळू जाते.
- अंगावर ओली चादर टाका, सावली करा, पाणी शिंपडत राहा. पाण्याबाहेर चरबीच्या थरामुळे तो आतून तापतो. बरेचसे मरतात ते उष्णतेने आणि स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसे दबून.
- श्वासरंध्रावर चादर नको, पाणी तर मुळीच नको.
- दोन्ही बाजूंच्या परांखाली वाळूत खड्डे करा, म्हणजे ते दुमडून राहणार नाहीत.
- शेपूट किंवा पर धरून ओढू नका. सांधे निखळतात, आणि शेपटीचा फटका माणसाचे हाड मोडू शकतो.
- गर्दी आणि कुत्री लांब ठेवा. त्याच्या श्वासाच्या तुषारांपासून तोंड लांब ठेवा, त्यातून जंतुसंसर्ग होतो.

जाणकार येण्याआधी समुद्रात ढकलून देऊ नये. तो आजारी असला तर तासाभरात परत येतो. अनेक अडकले असतील तर ते एकेक न सोडता एकत्र सोडावे लागतात, नाहीतर सुटलेला मागे राहिलेल्यांच्या हाकेला परत वळतो.

प्रश्न : बोटीवरून पाहताना एकेका डॉल्फिनला ओळखायचे कसे? छंद म्हणून नोंदी ठेवता येतील का?

येतील, आणि शिस्तीने ठेवल्या तर संशोधकांना उपयोगीही पडतील. ओळख पटते ती पाठीवरच्या पराच्या मागच्या कडेवरून. तिथले खाच-तुकडे कायमचे असतात. अंगावरचे दातांचे ओरखडे काही महिन्यांत पुसट होतात, त्यांवर विसंबू नये.

बोट समांतर आणि सावकाश ठेवा, कळपाच्या मधून घालू नका, 50 मीटरच्या आत स्वतःहून जाऊ नका. ऊन पाठीशी घ्या. 200 ते 400 मिलिमीटरचे भिंग, 1/1000 सेकंद किंवा त्याहून जलद शटर. पर कॅमेऱ्याला काटकोनात असतानाच टिपा, तिरक्या फोटोत खाच लपते. डावी आणि उजवी बाजू वेगळी साठवा. एक कळप संपला की आकाशाचा किंवा हाताचा एक फोटो काढून ठेवा, नाहीतर घरी आल्यावर दोन कळप एकमेकांत मिसळतात. प्रत्येक कळपाची तारीख, वेळ, ठिकाण आणि एकूण संख्या लिहा. 'एकत्र' कोणाला म्हणायचे याचा एकच नियम ठेवा. शार्क बेमध्ये, ज्याच्यापासून दुसरा कोणी 10 मीटरच्या आत आहे तो त्याच गटातला धरतात.

मैत्री मोजायचे गणित सोपे आहे. क्ष 20 वेळा दिसला, य 30 वेळा, त्यातले 10 वेळा दोघे एकत्र. दोघांच्या दर्शनांची सरासरी 25. 10 भागिले 25 म्हणजे 0.4. युतीतल्या नरांसाठी हा आकडा 0.8 ते 1 पर्यंत जातो, साध्या ओळखीसाठी तो 0.1-0.2 वर रेंगाळतो. पाच-सहा वेळाच दिसलेल्या डॉल्फिनवर हे गणित लावले तर काहीही उत्तर येऊ शकते. निदान दहा-पंधरा नोंदी होऊ द्याव्यात.

सगळ्यात सर्रास चूक म्हणजे ठळक खाचा असलेल्यांचेच फोटो काढणे. पिल्लांचे आणि तरुणांचे पर गुळगुळीत असतात. ते वगळले की वहीत फक्त म्हातारे आणि भांडकुदळ नर उरतात.